हिरवं घर, जवळचं जेवण : आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही घरात पाच जण : मी, नवरा, सासूबाई आणि दोन मुलं. कचरा कमी करायचा, वीज-पाणी जपून वापरायचं आणि शक्य तितकं आसपास पिकलेलं खायचं, असा उद्योग आम्ही काही वर्षं करतोय. आमच्यापैकी कुणीही तज्ज्ञ नाही. पण घरी येणारे लोक ओट्याखालचा कंपोस्टचा डबा बघतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. ते आणि त्यांची उत्तरं एकदाच लिहून काढली आहेत.

सुरुवात कशापासून करावी?

खरेदीपासून करू नका. आमचं पहिलं वर्ष त्यातच गेलं. स्टीलच्या नळ्या, बांबूचे ब्रश, एकसारख्या काचेच्या बरण्या, ढीगभर कापडी पिशव्या... पर्यावरण वाचवण्याच्या नादात घरात एवढं सामान त्याआधी कधी आलं नव्हतं. त्या नळ्यांचं पुढे काय झालं विचाराल, तर आमच्या घरात मुळात कुणी नळीनं काही पीतच नव्हतं.

खरी सुरुवात सासूबाईंनी केली. त्यांनी फ्रीजच्या दारावर जुन्या वहीचं एक पान चिकटवलं, शेजारी दोरीला पेन्सिल बांधली आणि फर्मान काढलं : जे फेकाल ते लिहायचं. काय, किती आणि का. मुलांनी त्या पानाचं नाव ठेवलं ‘फेकवही’. दोन आठवड्यांनी ती वाचली तेव्हा आमची आम्हालाच लाज वाटली. ‘का’च्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा एकच शब्द होता, ‘विसरलो’. पालेभाजी विसरलो, अर्धा कांदा विसरलो, डब्यातला भात विसरलो. कशाची चव आवडली नाही म्हणून ते फेकलं, असं जेमतेम दोनदा.

तुम्हीही दोन आठवडे एवढंच करा. पुढे काय करायचं ते तुमची वहीच सांगेल, आणि ते आमच्यापेक्षा वेगळं असेल.

पण घरातून खरंच इतकं अन्न वाया जातं का? हॉटेलं आणि समारंभ यांचं काय?

आम्हालाही तसंच वाटायचं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांतून गेलं. म्हणजे घरांतून माणशी वर्षाला सरासरी ७९ किलो. यात साली, हाडं असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे, हे खरं. तरी आमच्या फेकवहीनंतर हा आकडा आम्हाला फुगवलेला वाटला नाही.

‘जवळचं’ म्हणजे किती अंतरावरचं?

सगळीकडे चालेल असं एकच माप नाही. इंग्रजीत आसपासचंच खाणाऱ्यांसाठी ‘लोकाव्होर’ असा शब्द आहे. तो २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झाला आणि २००७ मध्ये एका मोठ्या शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. त्या सुरुवातीच्या मंडळींनी शंभर मैलांची मर्यादा घालून घेतली होती.

आम्ही अंतर मोजत नाही. पिकवणाऱ्याकडे सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परत येता येईल, तेवढं आमच्यासाठी जवळ. मीठ, मसाले, चहा, कॉफी याबाबत आम्ही हट्ट धरत नाही. माणसं हजारो वर्षं या वस्तूंचा व्यापार करत आली आहेत, तो आमच्या स्वयंपाकघरात येऊन थांबावा असं काही नाही.

जवळचं अन्न पर्यावरणाला आपोआप चांगलं असतं ना?

नाही. आम्हीही बरीच वर्षं तसं धरून चाललो होतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

पूअर आणि नेमेसेक या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाच्या कामांमुळे जे हरितगृह वायू बाहेर पडतात, त्यातले साधारण २६ टक्के अन्नाच्या साखळीतून येतात, असं त्यात दिसलं. पण अन्नाच्या या वाट्यात वाहतुकीचा हिस्सा अगदी लहान, ६ टक्क्यांच्या आसपास. बाकीचं बरंचसं शेतातच घडून गेलेलं असतं : जमीन कशी वापरली, खत किती घातलं, जनावरं किती पाळली.

म्हणजे ताटात काय आहे, हे ते कुठून आलं यापेक्षा बहुतेक वेळा जास्त महत्त्वाचं. थंडीत तापवलेल्या काचघरात वाढवलेला शेजारच्या गावचा टोमॅटो, उन्हात वाढून दुरून आलेल्या टोमॅटोपेक्षा जास्त इंधन खाऊन बसलेला असू शकतो. जहाजानं आलेल्या धान्याचा प्रवास लांबचा असला तरी किलोमागे भार फार पडत नाही. विमानानं आलेल्या मालाची गोष्ट निराळी. तेवढंच वजन तेवढ्याच अंतरावर विमानानं नेलं तर जहाजाच्या साधारण पन्नासपट उत्सर्जन होतं. चटकन खराब होणारी, नाजूक, महागडी आणि भलत्याच ऋतूत मिळणारी वस्तू दिसली की ती विमानानं आली असावी, असा संशय आम्ही घेतो.

आणि एका पालेभाजीच्या जुडीसाठी गाडी काढून शेतावर गेलात, तर सगळा हिशोबच उलटा झाला. आम्ही हे केलेलं आहे. दोनदा.

मग जवळचं घ्यायचंच कशाला?

चवीसाठी. आम्ही हे कारण आता उघड सांगतो, पूर्वी त्याला पर्यावरणाचा मुलामा द्यायचो.

लांबच्या प्रवासाला निघणारा टोमॅटो बरेचदा हिरवा असतानाच तोडतात आणि पुढे इथिलीन वायू देऊन लाल करतात. रंग येतो, पण झाडावर पिकताना भरणारी गोडी आणि वास येत नाही. वर आपण तो फ्रीजमध्ये ठेवतो. साधारण १२ अंश सेल्सियसच्या खाली गेला की टोमॅटोचा वास तयार होण्याची प्रक्रियाच मंदावते, आणि बाहेर काढल्यावर ती पूर्णपणे परत येत नाही. मटाराचंही तसंच : तोडल्या क्षणापासून दाण्यातली साखर स्टार्चमध्ये बदलू लागते. सकाळी तोडलेले मटार दुपारी सोलायला घेतले की निम्मे तोंडात जातात. चार दिवस फिरून आलेले असतील तर सगळेच्या सगळे भांड्यात पोहोचतात. आमच्याकडची ताजेपणाची परीक्षा हीच.

दुसरं म्हणजे वाण. लांब पाठवायच्या मालाचा वाण निवडताना साल जाड हवी, आकार सारखा हवा, माल जास्त दिवस टिकायला हवा, हे आधी बघतात. जवळ विकायचं असेल तर पिकवणाऱ्याला नाजूक पण चवदार वाण लावता येतो.

तिसरं, विचारता येतं. औषध कधी मारलं? पाणी कुठलं? पुढच्या आठवड्यात काय येणार? पाकिटाला हे विचारता येत नाही.

हंगाम कसा ओळखायचा?

बाजारात ज्याचे ढीग लागलेत आणि भाव उतरलाय, त्याचा हंगाम आहे. याहून अवघड काही नाही. तक्ते मिळतात, पण ऋतू मागेपुढे झाला की तक्ता चुकतो आणि ढीग बरोबर ठरतो.

सेंद्रियच घेता का?

मिळालं आणि परवडलं तर. सेंद्रिय शिक्क्याचा अर्थ कृत्रिम खतं आणि बहुतेक कृत्रिम कीटकनाशकं वापरलेली नाहीत, असा असतो. माल जवळचा आहे किंवा ताजा आहे, हे त्यातून कळत नाही. काही लहान शेतकरी जपून पिकवतात, पण शिक्का घेण्याचा खर्च आणि कागदपत्रं त्यांना झेपत नाहीत. अशा वेळी आम्ही ओळखीवर जातो. आणि सेंद्रिय भाजी कुजवून फेकण्यापेक्षा साधी भाजी खाऊन संपवलेली बरी, याबाबत घरात एकमत आहे.

मांस सोडलंत का?

पूर्ण नाही, खूप कमी केलं. गाय-बैल आणि मेंढी यांचं मांस सर्वांत भारी पडतं, कारण रवंथ करताना ही जनावरं मिथेन सोडतात आणि त्यांना चारा, जमीनही खूप लागते. कोंबडी त्या मानाने बरीच हलकी, कडधान्यं सगळ्यात हलकी. कुणाला काही सोडायला लावण्यापेक्षा आम्ही कडधान्याचे वार वाढवले. मुलांना हा बदल झाल्याचं कळायला दोन महिने लागले.

हंगामात एकदम खूप आलं तर टिकवायचं कसं?

सोपं ते आधी. पातळ काप करून वाळवणं. मटार, घेवडा, पालेभाजी उकळत्या पाण्यातून एक-दोन मिनिटं काढून लगेच गार पाण्यात घालणं आणि निथळून फ्रीझरमध्ये ठेवणं. उकळत्या पाण्यातून काढायची पायरी कंटाळ्यानं गाळू नका. भाजीतली विकरं (एन्झाइम) तशीच राहिली तर गोठूनही रंग आणि चव उतरत जाते. फ्रीझर उणे १८ अंशांवर हवा.

मिठात आंबवणंही सोपं आहे. भाजीच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के मीठ चोळायचं आणि सुटलेल्या पाण्याखाली भाजी पूर्ण बुडालेली ठेवायची. आमची पहिली बरणी वर तरंगणाऱ्या चार पानांमुळे बुरसटली. आता वर छोटी बशी दाबून ठेवतो.

हवाबंद बाटल्या भरण्याबाबत मात्र मी जरा कडक आहे. आंबट पदार्थ, म्हणजे ज्यांचा पीएच ४.६ च्या खाली आहे असे, नुसत्या उकळत्या पाण्यात प्रक्रिया करून टिकवता येतात. घेवडा, मटार, मका, मांस हे कमी आंबट पदार्थ तसे भरले तर आत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू विष तयार करू शकतात. त्याचा वास येतोच असं नाही. त्या जंतूंची बीजं मारायला १२१ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं आणि ते दाबाखालीच मिळतं. त्यासाठीचं खास भांडं आणि खात्रीची कृती जवळ नसेल तर हा नाद नको. तेलात बुडवलेला कच्चा लसूण ओट्यावर ठेवणं हाही त्यातलाच धोका. फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

फ्रीजमध्ये तुमचं गुपित काय?

एक कप्पा ‘आधी मला’ असा. अर्धा चिरलेला कांदा, कालची उसळ, तळाशी उरलेलं दही, सगळं तिथे. स्वयंपाकाला लागण्याआधी तो कप्पा उघडायचा आणि त्यावरून बेत ठरवायचा. कोंड्याचा मांडा करण्यात सासूबाईंचा हात धरणारं कुणी नाही. तीन वाट्यांतल्या तीन उरलेल्या भाज्यांची त्यांनी केलेली भजी बघून पाहुण्यांनी कृती मागितली होती. काय सांगणार!

बाकी बारीकसारीक : सफरचंद, केळी, टोमॅटो यांतून इथिलीन सुटतो आणि शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते, म्हणून त्यांना लांब ठेवा. पालेभाजी निवडून, कोरडी करून कापडात गुंडाळा. बटाटे अंधारात, फ्रीजबाहेर. शिजवलेला भात मात्र बाहेर रेंगाळू देऊ नका. त्यातले काही जंतू शिजूनही उरतात आणि कोमट भातात वाढतात, म्हणून तासा-दोन तासांत गार करून आत.

पाकिटावरच्या तारखांचाही गोंधळ असतो. ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ म्हणजे त्यानंतर चव किंवा कुरकुरीतपणा थोडा कमी होईल, तेव्हा बघून, हुंगून ठरवा. ‘अमुक तारखेपर्यंतच वापरा’ लिहिलं असेल तर तिथे नाकावर विसंबू नका.

कंपोस्टला वास येतो का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा विचारता विचारता हुंगत असतो.

नीट चाललेल्या कंपोस्टला पावसानंतरच्या मातीचा वास येतो. घाण वास आला तर दोनच कारणं : पाणी जास्त झालंय किंवा हवा कमी पडतेय. कुजवणाऱ्या जंतूंना कर्ब आणि नत्र दोन्ही लागतात, साधारण २५-३० भाग कर्बाला एक भाग नत्र. ओल्या साली, देठं, चहाचा चोथा यांत नत्र जास्त, वाळका पाचोळा, भुसा, फाडलेला पुठ्ठा यांत कर्ब जास्त. तराजू घेऊन बसायची गरज नाही. एक वाटी ओलं टाकलं की त्यावर दोन वाट्या सुकं टाकायचं आणि ओलं कधी उघडं ठेवायचं नाही. चिलटांचा त्रासही यानेच जातो. मधूनमधून खालीवर करायचं. मूठभर घेऊन पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर. धार लागली तर सुकं वाढवा, भुगा झाला तर पाणी शिंपडा.

मांस, मासे, दूध-दही आणि तेलकट पदार्थ छोट्या डब्यात टाकू नका. फळांवरचे स्टिकर आधी काढा. ते खतात जसेच्या तसे सापडतात, अगदी बारकोडसकट. चहाच्या काही पिशव्यांतही प्लॅस्टिक असतं, तेव्हा चोथा डब्यात आणि पिशवी बाहेर.

आमची पहिली फेरी पूर्ण फसली होती. उत्साहात नुसतं ओलंच टाकत गेलो, डब्याला भोकंही पाडली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात जे तयार झालं त्याला खत म्हणायला कुणी धजावलं नाही. नवऱ्यानं नाकाला रुमाल बांधून ते कोरड्या पाचोळ्यात कालवलं, आणि गंमत म्हणजे आठ दिवसांत वास गेला. तेव्हा बिघडलं तरी फेकून देऊ नका, सुकं घाला आणि थांबा. लहान डब्यात तीन-चार महिने लागतात.

हा सगळा खटाटोप कशासाठी? कचराभूमीत ढिगाखाली हवा नसते आणि ओला कचरा तिथे कुजताना मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट उष्णता धरून ठेवतो.

आमच्याकडे अंगण नाही, बाल्कनीही नाही. मग कंपोस्ट कुठे करायचं?

गांडुळांचा डबा ओट्याखाली मावतो. त्यांना १५ ते २५ अंश तापमान आवडतं, संत्र्या-लिंबाच्या साली आणि कांदा फारसा आवडत नाही. तेही नको असेल तर ओला कचरा वेगळा ठेवून जिथे घेतात तिथे द्या. घरात नसलेल्या जागेचा अपराधीपणा बाळगू नका.

प्लॅस्टिक पूर्ण बंद केलंत का?

नाही, आणि आहे ते प्लॅस्टिक फेकलंही नाही. चांगले डबे फेकून काचेचे आणणं हा शहाणपणा नव्हे. फक्त त्यात गरम अन्न भरत नाही आणि मायक्रोवेव्हमध्ये ते ठेवत नाही.

कापडी पिशव्यांबद्दल एक कडू गोष्ट. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ मध्ये पिशव्यांची तुलना केली. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायला साध्या सुती पिशवीला, फक्त हवामानाचा परिणाम बघितला तर ५२ वेळा, आणि पाण्यापासून ओझोनपर्यंत सगळे परिणाम बघितले तर ७,१०० वेळा वापरावं लागतं, असा त्यांचा हिशोब. रस्त्यावर आणि समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकचा विचार त्यात नव्हता, म्हणून तो अंतिम निवाडा नव्हे. पण कपाटात नव्या कोऱ्या कापडी पिशव्यांचा गठ्ठा असेल, तर तो गठ्ठा हिरवा नाही. आमच्याकडे आता सासूबाईंनी जुन्या चादरीच्या शिवलेल्या चार आहेत. बाकीच्या वाटल्या.

वीज आणि पाणी?

दिवे बंद करत फिरणाऱ्यांत आमचा नवरा अग्रेसर. पण हिशोब केला तेव्हा कळलं की खरं काम गरम पाण्यात आहे. शंभर लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळजवळ तीन युनिट लागतात. तेवढ्या विजेत ९ वॅटचा एलईडी दिवा तेरा दिवस अहोरात्र चालतो. शॉवर पाच मिनिटं आधी बंद केला तर प्लगमध्ये विसरलेल्या चार्जरवरून होणारे महिन्याभराचे वाद मिटतात.

स्वयंपाकात झाकण ठेवा, कडधान्य रात्री भिजवा, प्रेशर कुकर वापरा. कपड्यांचं मशीन पूर्ण भरल्यावरच लावा आणि कपडे दोरीवर वाळवा. एवढंच.

काय जमलं नाही?

घरगुती सफाईद्रव. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केल्यावर मस्त फेस येतो, म्हणून आम्ही बाटल्या भरून ठेवल्या. धाकटीच्या विज्ञानाच्या पुस्तकानं पितळ उघडं पाडलं : आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, फेस म्हणजे निघून जाणारा कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरतं ते जवळपास खारट पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरले तर उपयोगी आहेत. एकत्र करून आम्ही कित्येक महिने खारट पाण्यानं ओटा पुसला.

घरातलं एखादं माणूस सामीलच होत नसेल तर?

नसेल होत तर राहू द्या. आमचा थोरला एक वर्ष फेकवहीकडे बघत नव्हता. आम्ही उपदेश केला की तो मुद्दाम अर्धं सफरचंद टाकायचा. मग त्याला आठवड्यातून एक दिवस ‘आधी मला’ कप्प्याचा मालक केलं. त्यात जे असेल त्याचं काहीही करायचं आणि सगळ्यांनी ते तक्रार न करता खायचं. काही गुरुवार कठीण गेले. सामील झालाय असं तो अजूनही म्हणत नाही.

कंपोस्ट घातल्यावर कुंडीत भलतंच काही उगवलं तर?

उगवणारच. मोठा ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापतो आणि बहुतेक बिया मरतात. लहान डबा तेवढा तापत नाही. टोमॅटो तर हटकून येतात, आणि मुद्दाम लावलेल्यांपेक्षा जोमदार येतात. खुशाल वाढू द्या. भोपळा, काकडीच्या जातीचा वेल आला तर मात्र एक काळजी घ्या. या वेलींत एकाच जातीच्या वाणांचा आपसात संकर होतो आणि कधी कधी फळ कडू निपजतं. तो कडूपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही. छोटा तुकडा जिभेवर ठेवून बघा, कडू लागला तर थुंका आणि फळ टाकून द्या.

आमच्या मोठ्या कुंडीत सध्या असाच एक बिनबोलावलेला वेल आहे. सासूबाई म्हणतात भोपळा, नवरा म्हणतो काकडी. पिवळं फूल आलंय.